एनॅमल पातळ करणं, एअरब्रश धुणं आणि बार्शी लाइटची एक वितळलेली वाघीण

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांना माहितीये, अर्धा वेळ मागे कॉम्प्रेसर घरघरत होता. "भाऊ, लिहूनच द्या की" असे बरेच मेसेज आले. तर हा घ्या लेखी अवतार. बोलताना जे राहून गेलं तेही यात घातलंय.

सुरुवात माझ्या फजितीपासून करू, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकलोय.

आमचे आबा रेल्वेत गँगमन होते. येडशी-ढोकीच्या पट्ट्यात रूळ तपासत, खडी ठोकत त्यांची नोकरी गेली, आणि ते निवृत्त होईपर्यंत तो रूळ नॅरोगेजच होता. आपल्याकडची जुनी माणसं अजून तिला 'बार्शी लाइट' म्हणतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभी केलेली ही लाइन. १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. धाराशिव शहर तेव्हा या लाइनवर नव्हतंच. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाली तेव्हा मार्ग वळवला आणि आपल्या शहराला रेल्वे मिळाली.

तर आबांसाठी या लाइनची एक वाघीण बनवायची असं मी ठरवलं. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, रेल्वेच्या मराठीत वाघीणच म्हणतात, हसू नका. कॅलथ्रॉपने मालडब्यांसाठी २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशी एकच चौकट ठरवली होती. १:४८ स्केलला ती साधारण १६ सेंटिमीटर लांब होते. गंमत म्हणजे या स्केलला ७६२ मिलिमीटरचं गेज जवळपास १६ मिलिमीटर येतं, आणि बाजारात १६.५ मिलिमीटरचा एचओ ट्रॅक सहज मिळतो. म्हणजे रूळ तयार, चाकं तयार, फक्त डबा आपण करायचा. पॉलिस्टायरीनची अर्धा मिलिमीटर जाडीची शीट मागवली, कापली, चिकटवली. मागच्या बाजूने बोथट सुईने टोचून एकेक रिव्हेट उठवला. ऑफिसचं काम संपवून रात्री बसायचो. तीन आठवडे गेले.

मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन म्हणालो, "काका, एनॅमलची छोटी डबी आणि एक बाटली थिनर द्या."

काकांनी दिलं. घरी येऊन मिसळलं, एअरब्रशमध्ये भरलं आणि डब्यावर छान ओला हात मारला. पाच मिनिटांत रिव्हेट विरघळायला लागले. दहा मिनिटांत बाजूच्या पत्र्याला पोक आला. आबा पलीकडे खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "काय रं, डबा हाय का भजं?"

'थिनर' हे एका वस्तूचं नाव नाही

चूक काकांची नव्हती. मी थिनर मागितलं, त्यांनी थिनर दिलं. आपल्याकडच्या दुकानात नुसतं 'थिनर' म्हटलं की बहुतेक वेळा एनसी थिनर हातात येतं. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. गाड्यांचा स्प्रे पेंट आणि फर्निचरचं लॅकर यासाठी ते असतं. त्यात टोल्यूइन, एस्टर, कीटोन अशी जोरदार मंडळी असतात. आणि पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेल किटचं प्लॅस्टिक, या मंडळींमध्ये विरघळतं. किट चिकटवायचं लिक्विड सिमेंट याच तत्त्वावर चालतं, प्लॅस्टिक थोडं वितळवून जोडतं. मी अख्ख्या डब्यावर सिमेंट फवारलं होतं म्हणा ना.

एनॅमलला लागतं ते टर्पेंटाईन. दुकानात मिळतं ते बहुतेक मिनरल टर्पेंटाईन असतं, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं. परदेशी व्हिडिओत 'व्हाइट स्पिरिट' किंवा 'मिनरल स्पिरिट' म्हणतात ते हेच. हे स्वभावाने मवाळ आहे. एनॅमलचं रेझिन सैल करतं, पण पॉलिस्टायरीनला सहसा त्रास देत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर 'थिनर' हा शब्दच तोंडातून काढू नका. 'टर्पेंटाईन' मागा आणि बाटलीवरचं लेबल वाचा.

लेबल फाटलेलं असेल तर? वासावरून साधारण कळतं. टर्पेंटाईनला रॉकेलच्या जवळचा वास येतो, एनसी थिनरला नेलपॉलिशसारखा गोडसर, नाकात चढणारा. पण बाटलीला नाक लावून हुंगत बसू नका. खात्रीचा उपाय वेगळा आहे. किटचे भाग ज्या फ्रेमला जोडलेले असतात त्या फ्रेमचा तुकडा घ्या, त्यावर एक थेंब टाका, दहा मिनिटांनी नख लावून बघा. चिकट लागलं तर ती बाटली मॉडेलपासून लांब ठेवा. फेकू मात्र नका, पुढे तिचं काम आहे.

काही मुरलेले मॉडेलर एनॅमलमध्ये मुद्दाम थोडं लॅकर थिनर घालतात, रंग लवकर वाळावा म्हणून. ते अगदी कोरडे, पातळ हात मारतात, त्यांना जमतं. तुमची पहिली पाच-दहा मॉडेल होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. आणि रॉकेल तर नकोच. त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि रंग दिवसेंदिवस ओला लागतो.

पातळ का आणि किती

आधी 'का' सांगतो. ब्रशने एनॅमल लावला आणि थर समजा ०.१ मिलिमीटरचा बसला. ऐकायला काहीच नाही. पण आपलं स्केल १:४८ आहे. खऱ्या डब्यावर तो थर जवळपास ५ मिलिमीटर जाड झाला! रिव्हेट त्यात बुडूनच जाणार. म्हणून रंग बारीक फवाऱ्याने, पातळ पातळ हातांनी द्यायचा. आणि ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून डबीतला घट्ट रंग जाणारच नाही, म्हणून तो आधी सैल करायचा.

हंब्रॉलसारख्या हॉबी ब्रँडची १४ मिलिलिटरची डबी असेल तर मी १ भाग रंगाला १ भाग टर्पेंटाईनपासून सुरुवात करतो. आपल्या हार्डवेअरमधला एनॅमल दारं-खिडक्यांना ब्रशने लावायला बनवलेला असतो. त्याला मला दीड भागापर्यंत टर्पेंटाईन लागतं. पण हे आकडे फक्त सुरुवातीसाठी. डबी किती जुनी आहे, किती वेळा उघडलीये, खोलीत ऊन्ह किती आहे, यावर प्रमाण बदलतं. प्रमाण पाठ करणं म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर चाललेला कोड आपल्याकडे न बघता चिकटवणं. चालला तर चालला.

त्यापेक्षा रंग कसा वागतो ते बघा. मिसळायच्या वाटीच्या आतल्या बाजूला काडीने एक ओघळ सोडा. रंग पटकन खाली उतरला आणि मागे पातळ, रंगीत पडदा ठेवून गेला, तर बरोबर. दही लावल्यासारखा जागेवर बसला तर अजून टर्पेंटाईन घाला. पाण्यासारखा पळाला आणि मागे काहीच उरलं नाही तर जास्त झालं. व्हिडिओवाले म्हणतात दुधासारखा करा. पण दूध कुठलं? पिशवीतलं की म्हशीचं? मी म्हणेन, पिशवीतल्या तापवलेल्या दुधाइतका, साय बाजूला काढून.

मिसळण्याआधी डबीच्या बुडाशी बसलेला गाळ आइस्क्रीमच्या काडीने नीट वर आणा. रंगद्रव्य सगळं खाली असतं, वर नुसतं तेलकट पाणी. मॅट रंगाची डबी असेल तर चमक मारणारी पावडरही तळालाच असते. ती न ढवळता वरचा रंग घेतला तर मॅट डबीतून चकचकीत डबा निघतो. टर्पेंटाईन थोडं थोडं घाला, एकदम ओतू नका. आणि सगळं झाल्यावर नायलॉनच्या जुन्या मोज्याच्या तुकड्यातून गाळून घ्या. मोजायला मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणतात बरेच जण. मीही आणली. दोन-चार वेळा वापरली की आतलं रबर फुगून जाम होतं. आता ड्रॉपरने थेंब मोजतो.

इथे रंगाबद्दल एक गोष्ट. मालडब्याचा तो विटकरी तपकिरी रंग म्हणजे जवळपास आपला रेड ऑक्साईड. गेट आणि ग्रिलला मारतात तोच. स्वस्त, तेलातलाच, आणि शेड अगदी जुळणारी. मी उड्या मारत आणला. पण तो लोखंडाचा प्रायमर आहे, त्याची पूड भरड असते. दोनदा गाळूनही नोझलमध्ये अडकला. शेवटी साध्या एनॅमलचे ब्राऊन आणि लाल मिसळून शेड जुळवली. रेड ऑक्साईड ब्रशने फक्त चाकांच्या चौकटीवर लावला, तिथे खरखरीतपणा उलट शोभला.

आपल्याकडच्या उन्हात फवारणी

दाब १५ ते २० पीएसआय. अंतर एरवी दहा-बारा सेंटिमीटर. पहिला हात धुक्यासारखा, खालचं प्लॅस्टिक दिसत राहील इतका विरळ. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरा थोडा ओला हात. पहिला विरळ हात पुढच्याला धरून ठेवतो, ओघळ येत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये मात्र आपल्याकडे गणित बदलतं. बेचाळीस अंशांत फवारा मॉडेलपर्यंत पोचायच्या आत टर्पेंटाईन उडून जातं आणि डब्यावर रंगाऐवजी धूळ बसल्यासारखं होतं. हात फिरवला तर सँडपेपर. अशा वेळी पहाटे काम करा, अंतर सात-आठ सेंटिमीटरवर आणा आणि टर्पेंटाईन जरासं वाढवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मिनरल टर्पेंटाईनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीने पेट घेऊ शकतात ते तापमान, साधारण ३५ ते ४० अंशांच्या घरात असतं. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसून केलेल्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण त्यांची खोली २५ अंशांवर असते. आपली पत्र्याची खोली मे महिन्यात दुपारी सहज त्या आकड्याच्या पुढे जाते. आणि बारीक फवारा तर त्याहून कमी तापमानालाही पेटू शकतो. एनसी थिनर तर थंडीतही पेट घेतं. म्हणून गॅस, देवघरातला दिवा, डासांची कॉइल, इन्व्हर्टरचं कनेक्शन, यांच्या आसपास फवारायचं नाही. खिडकी-दार उघडं ठेवा. आणि कोरोनातले उरलेले एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतात, वाफ अडवत नाहीत. वाफेसाठी कोळशाचं कार्ट्रिज असलेला ऑरगॅनिक व्हेपर मास्क लागतो. एअरब्रशच्या आधी तो घ्या.

धुणं : घड्याळ कधी सुरू होतं

आता मूळ मुद्दा. एअरब्रश बंद का पडतो?

एनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी टर्पेंटाईन उडून जातं, तेव्हा रंग नुसता सुकलेला असतो. मग त्यातलं तेल-रेझिन हवेतला ऑक्सिजन घेतं आणि एकमेकांत गुंतून कायमचं घट्ट होतं. घरात बघायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या तेलाच्या किटलीचं बूड बघा. करडईचं तेल असेल तर हमखास तिथे पिवळसर चिकट थर असतो, गरम पाण्याने घासूनही न जाणारा. तेल होतं, पण आता ते तेलासारखं वागत नाही. एनॅमलचं अगदी तसंच होतं. पहिल्या टप्प्यात टर्पेंटाईनने धुतलं की निघतो. दुसरा टप्पा पुढे गेला की त्याच टर्पेंटाईनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, काही होत नाही. नवे लोक इथेच फसतात. "ज्यात रंग मिसळला त्यातच धुतोय, मग निघत का नाही?" कारण तो आता तो रंगच राहिलेला नाही.

म्हणजे शेवटचा हात मारला की घड्याळ सुरू. चहा नंतर.

कपमधला उरलेला रंग ओतून काढा, टिश्यूने कप पुसा. थोडं टर्पेंटाईन घाला, ब्रशने कपच्या कडा हलवा आणि एका झाकणाच्या बरणीत फवारून टाका. पुन्हा घाला. आता नोझलच्या तोंडावर टिश्यूची घडी धरून ट्रिगर हलकेच दाबा, हवा उलटी येऊन कपमध्ये बुडबुडे येतील. आत दडलेला रंग वर येतो. हे टर्पेंटाईन स्वच्छ येईपर्यंत करायचं, मला चार-पाच वेळा लागतं. एवढं झाल्यावरच सुई काढा. रंग आत असतानाच सुई मागे ओढली तर तोच रंग मागच्या सीलमध्ये जाऊन बसतो आणि मग ट्रिगर जड होतो.

सुई पुसताना मागून टोकाकडे पुसा, फिरवत फिरवत. उलट पुसली की टोक वाकतं, बोटात घुसतं ते वेगळंच. टोक नखावर हलकेच ओढून बघा, कुठे अडखळलं तर वाकलंय.

नोझल रोज काढायची गरज नाही, आणि काढलं तर खाली पांढरा टॉवेल अंथरा. ज्वारीच्या दाण्याहून बारीक वस्तू आहे. माझं पहिलं नोझल आईने केरात काढलं, आणि त्याबद्दल तिला बोलायची माझी हिंमत नव्हती. परत बसवताना पाना हलक्या हाताने फिरवा. स्वस्तातल्या एअरब्रशमध्ये नोझलचा आटा केसाएवढा असतो, जोर लावला की तुटून आतच राहतो. आत साफ करायला दातांच्या फटीतला बारीक ब्रश चालतो, मेडिकलमध्ये मिळतो. टाचणी घालू नका, भोक लांबट होतं आणि मग फवारा कायमचा तिरका.

आता ती एनसी थिनरची बाटली आठवते? समजा विसरलात, रंग आत पिकला. तेव्हा नोझल, नोझल कॅप, सुई हे निव्वळ धातूचे भाग सुटे काढून काचेच्या वाटीत एनसी थिनरमध्ये अर्धा तास ठेवा. पिकलेला थर फुगतो आणि पुसला की सुटतो. पण अख्खा एअरब्रश त्यात बुडवायचा नाही. आत रबरी ओ-रिंग असतात. एनसी थिनर त्या फुगवतं आणि मग हवा गळायला लागते. म्हणजे जे थिनर माझ्या डब्याला मारक ठरलं, तेच नोझलला तारक. प्रश्न समोर काय आहे याचा असतो, प्लॅस्टिक, रबर की पितळ.

धुऊनही नीट चालत नसेल तर लक्षण बघा. कपमध्ये आपोआप बुडबुडे येत असतील तर नोझल नीट बसलेलं नाही, बहुतेक वेळा तेच. मध्येच थुंकत असेल तर सुईच्या टोकावर रंग वाळलाय. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या ब्रशने टोक पुसा, पुढे चला. ट्रिगर मागे न ओढताही रंग येत असेल तर सुई पुढे पूर्ण टेकलेली नाही.

वापरलेलं टर्पेंटाईन मोरीत ओतू नका. आपल्याकडे पाण्याची किंमत मी सांगायला नको, आणि शेजारी कुणाचं तरी बोअर असतंच. झाकणाच्या बरणीत साठवा. आठवडाभरात रंग तळाशी बसतो, वरचं नितळ टर्पेंटाईन पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरता येतं. रंगात घालायला मात्र कोरंच घ्या. पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. घट्ट होताना रंग उष्णता सोडतो, आणि बोळ्यात ती अडकून फडकं आपोआप धुमसू शकतं. अंगणात एकेक सुटं पसरून वाळवा.

दुसरी वाघीण मी दिवाळीनंतर केली. पुन्हा तेच रिव्हेट, पुन्हा रात्री. या वेळी टर्पेंटाईन. रंग दिल्यावर सहा-सात तासांत हाताला लागेनासा झाला, पण एनॅमल आतून पक्का व्हायला थंडीत दोन-चार दिवस तरी द्यायला हवेत. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आबांना ऐकू कमी येतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ते उन्हात खाटेवर बसलेत आणि वाघीण हातात. चाक बोटाने फिरवून बघत होते. म्हणाले, "ब्रेकचा दांडा कुठं हाय? शंटिंगच्या वेळी कुणी काय धरायचं?" खरंच, तो मी विसरलो होतो. तारेचा करून लावला. बाजूच्या पत्र्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, रेषा न् रेषा दिसते. घासून पुन्हा रंगवता आलं असतं. नाही रंगवलं.

पुढच्या एपिसोडमध्ये डेकल, म्हणजे डब्यावरची बारीक अक्षरं घरच्या प्रिंटरवर कशी काढायची ते बघू. तोवर प्रश्न व्हॉइस नोट करून पाठवा, फक्त मागे कॉम्प्रेसर चालू ठेवू नका!